आधी वर बघा, मग खाली बसा

बालमित्रांनो,

गेल्या खेपेस आपण दोरीच्या गाठी मारायला शिकलो. बऱ्याच जणांनी गाठी मारून बघितल्या, काहींनी धाकट्या भावाला खांबाला बांधून ठेवलं (तसं करायचं नव्हतं हं!) आणि काहींनी पत्रं पाठवली. त्यातलं एका सातवीतल्या मुलीचं पत्र आत्ता माझ्यासमोर आहे. ती लिहिते, "बाई, सुट्टीत आम्ही सगळी मावसभावंडं मामाच्या गावाला ओढ्याकाठी तंबू ठोकणार आहोत. तंबू झाडाखालीच ठोकायचा ना?"

खरं तर आज मी होकायंत्राबद्दल लिहिणार होते. पण या 'ना'ने मला अडवलं. होकायंत्र पुढच्या आठवड्यात.

कारण हाच 'ना' एके काळी माझ्याही डोक्यात होता. झाड म्हणजे सावली, आणि सावली म्हणजे बसायची जागा. त्यात विचारायचं काय? तुम्हीसुद्धा असंच म्हणाल. तर ऐका.

2015 चा जानेवारी महिना. मला नोकरीला लागून दुसरंच वर्ष. माझ्याकडे चौथीचा वर्ग होता, चौतीस मुलं. आमची सहल एका किल्ल्याच्या पायथ्याला गेली होती. किल्ला चढून, उतरून, घसे बसेपर्यंत घोषणा देऊन सगळे खाली आले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. पायथ्याशी एक जुनं आंब्याचं झाड. काय त्याचा पसारा! खाली गार सावली, जमीन कशी शेणाने सारवल्यासारखी स्वच्छ. मीच बोट दाखवलं, "चला रे, तिथे गोल करून बसा. डबे काढा."

मुलं बसली. पोळीचे लाडू, शेंगदाण्याची चटणी, गूळपोळी, काय काय निघालं डब्यांतून. वारा म्हणाल तर नावालाही नव्हता. पानसुद्धा हलत नव्हतं. जेवणं झाली, मी शिट्टी वाजवली, सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि आम्ही गाडीकडे निघालो. तेवढ्यात एक मुलगा म्हणाला, "बाई, बाटली विसरली." आणि मी 'जा' म्हणायच्या आत पळालासुद्धा.

मला कडकड असा आवाज आला नाही. फक्त 'टक्' असं झालं. फळ्यावर लिहिताना खडू मोडतो ना, तसं. आणि मग धप्प.

वळून बघते तर मुलगा खाली बसलेला, आणि त्याच्या शेजारी वाळक्या फांदीचे दोन तुकडे. फांदी फार मोठी नव्हती. मनगटाएवढी जाड, अडीच-तीन हात लांब. ती त्याच्या खांद्यावर पडली होती. डोकं वीतभर बाजूला. मी धावत गेले तेव्हा तो काय म्हणाला, माहीत आहे? "बाई, बाटली फुटली."

त्याचं हासळीचं हाड मोडलं होतं. दीड महिना हात झोळीत अडकवून तो शाळेत येत होता, आणि डाव्या हाताने लिहायला शिकल्याची ऐट करत होता. तसं बघाल तर थोडक्यात निभावलं. पण गाडी येईपर्यंत मी त्याला धरून बसले होते, तेव्हा तिथल्या चहाच्या टपरीवरच्या मावशी जे बोलल्या ते मी विसरलेले नाही. त्या म्हणाल्या, "बाई, ती फांदी दोन वर्सं वाळून चाललीया. आमी तितं म्हस बी बांधत न्हाय."

"अहो, मग आम्ही बसलो तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुमी मास्तरीण. तुमाला ठावं असंल म्हनलं."

संध्याकाळी मी त्याला घरी पोचवायला गेले. त्याच्या आईने मला चहा करून दिला आणि ती काही बोलली नाही. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

तर मंडळी, 'ज्या झाडाखाली म्हैस बांधत नाहीत तिथे मी चौतीस मुलं बसवली' हे माझं प्रगतिपुस्तक. त्यानंतर मी झाडांकडे बघायला शिकले. फार काही नाही, थोडंसंच. पण जे शिकले ते तुम्हाला सांगते.

आधी एक गणित. वरून पडणारी वस्तू पहिल्या सेकंदात साधारण पाच मीटर खाली येते, आणि दोन सेकंदांत वीस मीटर. पाच मीटर म्हणजे तुमच्या शाळेच्या छपराच्या थोडं वर. तेवढ्या उंचीवरून सुटलेली फांदी जमिनीजवळ येते तेव्हा तिचा वेग ताशी 36 किलोमीटर झालेला असतो. वीस मीटरवरून आली तर ताशी 72. आता हातात घड्याळ घ्या आणि 'टक्' आवाज ऐकून, वर बघून, काय झालं ते समजून, उठून पळायला तुम्हाला किती वेळ लागतो ते मोजा. मी वर्गात करून बघितलं आहे. एकाही मुलाला एका सेकंदात जमलं नाही, आणि मला तर तीन लागले!

आणि वजन? आमच्यावर पडली ती वाळकी, पोकळ झालेली फांदी होती, दोनेक किलोची. पण ओलं लाकूड जवळजवळ पाण्याइतकंच जड असतं. दहा सेंटिमीटर जाडीची, दोन मीटर लांब ओली फांदी घ्या. आठवी-नववीतल्या मुलांनी वृत्तचितीचं सूत्र लावून बघावं. उत्तर पंधरा किलोच्या आसपास येईल. पंधरा किलो म्हणजे पाण्याने भरलेली मोठी बादली. ती कोणी गच्चीवरून खाली सोडली तर तुम्ही खाली उभे राहाल का?

मग झाड आपली फांदी टाकतं तरी का?

दाट झाडीत खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही. ऊन नाही म्हणजे पानांना अन्न तयार करता येत नाही. अशा फांदीला पोसणं झाडाला परवडत नाही, म्हणून ती हळूहळू वाळते. कधी वीज पडते, कधी माणसं कुऱ्हाड चालवतात, कधी कोणी जाहिरातीची पाटी लावायला खिळे ठोकतात. जखमेतून बुरशी शिरते, मग खोडकिडे येतात, वाळवी येते. अमेरिकेत अलेक्स शिगो नावाचे एक शास्त्रज्ञ होते, तिथल्या सरकारी वनखात्यात. त्यांनी हजारो झाडं उभी चिरून आतून बघितली. करवतीने, बरं का! त्यांना काय दिसलं, तर आपल्या गुडघ्याची जखम जशी भरून येते तशी झाडाची जखम भरत नाही. झाड जखमेच्या आत भिंत बांधतं आणि सडका भाग कोंडून टाकतं. वरून नवं लाकूड, नवी साल येते. म्हणजे बाहेरून झाड ठणठणीत दिसतं, आणि आत जुनं दुखणं तसंच असतं. म्हणूनच हिरवीगार पानं असलेली फांदीसुद्धा कधीकधी काडकन मोडते.

आमच्या त्या आंब्याला दुसरंच दुखणं होतं. त्यावर बांडगूळ होतं. आंब्यावर तुम्ही ते पाहिलं असेल, आंब्याच्या पानांपेक्षा निराळ्या पानांचा झुपका, त्याला लालसर-केशरी नळीसारखी फुलं येतात. हा पाहुणा आंब्याच्या फांदीत आपली मुळं घुसवतो आणि तिच्यातलं पाणी पितो. मग त्याच्या पलीकडचा फांदीचा शेंडा उपाशी राहतो आणि वाळतो. वर बघितलं असतं तर मला तो झुपका दिसला असता. मी बघितलं होतं फक्त सावलीकडे.

आता तुम्ही विचाराल, वाळकी फांदी ओळखायची कशी? प्रश्न चांगला आहे, कारण इथे भलेभले फसतात. पळस, सावर, पांगारा, साग ही झाडं उन्हाळ्याच्या सुमारास पानं झाडून उघडी होतात. ती मेलेली नसतात, विश्रांती घेत असतात. तेव्हा नुसती पानं नाहीत म्हणून घाबरू नका. बाकीच्या फांद्यांशी ताडून बघा. सगळ्या झाडाला पानं आहेत आणि एकच फांदी बोडकी आहे, तिची साल सोलवटून लोंबते आहे, बारीक डहाळ्या गळून नुसते सोटे उरले आहेत, तर ती वाळकी. फांदीवर किंवा बुंध्याशी फळीसारखी कडक अळंबी उगवलेली दिसली, तर आत सडत चाललं आहे असं समजा. दोन फांद्या जिथे फुटतात तो सांधाही बघा. तो पसरट असेल तर बहुधा मजबूत. अगदी चिंचोळा, इंग्रजी 'व्ही'सारखा असेल आणि मध्ये साल दबून बसली असेल, तर तिथे फांद्या एकमेकींना नीट धरून नसतात.

आणि एक गंमतीची खूण. 'टुक टुक टुक' असा तांब्याच्या भांड्यावर ठोकल्यासारखा आवाज करणारा तांबट पक्षी तुम्हाला माहीत आहे ना? हिरवा, कपाळावर लाल टिळा. त्याची चोच सुतारासारखी दणकट नाही. त्याला घर कोरायला मऊ, मेलेलं लाकूडच लागतं. म्हणून तो वाळक्या फांदीच्या खालच्या बाजूला गोल भोक पाडतो. असं भोक दिसलं की फांदी आतून भुसभुशीत आहे हे तांबटाने आधीच तपासून ठेवलेलं असतं! आता कोणी म्हणेल, मग सगळ्या वाळक्या फांद्या तोडूनच टाकू. अजिबात नाही. तांबटाने कुठे जायचं? रानातली फांदी रानात राहू दे. आपण आपली पथारी दुसरीकडे पसरावी.

सगळ्यात फसवी कुठली, तर मोडून अडकलेली फांदी. वादळात ती तुटते, पण खाली न येता दुसऱ्या फांद्यांवर लोंबकळत राहते. कधी आठवडाभर, कधी वर्षभर. इंग्रजी बोलणारे लाकूडतोडे तिला 'विडो-मेकर' म्हणतात, म्हणजे बायकोला विधवा करणारी. नाव भयंकर आहे, पण त्यांनी ते उगाच ठेवलेलं नाही. सरपणासाठी अशी फांदी आकडीने ओढायला जाऊ नका. चिंचा पाडायला दगड मारतानाही वर काय अडकलंय ते बघा. (दगड मारूच नका असं मी लिहिणार होते, पण तुम्ही ऐकणार नाही.)

बरं, वारा नसेल तर धोका नाही, असं काही नाही हे तुम्ही वर वाचलंच. ऑस्ट्रेलियात 'रिव्हर रेड गम' नावाचे प्रचंड वृक्ष नद्यांच्या काठी वाढतात. आपल्याकडच्या नीलगिरीचे ते सख्खे भाऊबंद. नदीकाठ, सपाट जागा, दाट सावली, म्हणजे तंबूसाठी याहून छान जागा कुठली? पण ही झाडं कडक उन्हाळ्यात, शांत दुपारीसुद्धा चांगली धष्टपुष्ट फांदी एकदम टाकून देतात. का टाकतात याबद्दल शास्त्रज्ञांचं अजून एकमत झालेलं नाही. तिथल्या राखीव वनांत 'या झाडांखाली तंबू ठोकू नका' असं बजावून सांगितलेलं असतं.

रानातच असं होतं असंही नाही. एडन फॉन हॉर्वाट नावाचा जर्मन भाषेत लिहिणारा एक नाटककार होता. 1 जून 1938 रोजी तो पॅरिसच्या शांझेलिझे या प्रसिद्ध रस्त्यावर होता. वादळ सुटलं आणि एक फांदी मोडून त्याच्या डोक्यावर आली. तो जागीच गेला. वय अवघं 36. त्याच्या एका कादंबरीत शाळेतला शिक्षक आपल्या वर्गाला तंबूंच्या छावणीवर घेऊन जातो. हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

आपल्याकडे जास्त धोका वळवाच्या पावसात आणि मृग लागल्यावर पहिल्या काही दिवसांत. आधी सोसाट्याचा वारा येतो, मग पाऊस. पानं भिजून जड होतात, माती मऊ होते. शहरातली मुलं रोज ज्या गुलमोहराखालून शाळेत जातात, तो मूळचा मादागास्कर बेटावरचा. छत्रीसारखा पसरतो, पण लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ. त्यात आपण त्याच्या बुंध्यापर्यंत फरशा बसवतो, नळासाठी खणताना मुळं तोडतो, आणि झाड पडलं की म्हणतो झाड वाईट! 3 जून 2020 ला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा नारळी-पोफळीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. वादळ गेल्यावर लगेच 'काय काय पडलं' ते बघायला हिंडू नका. पडायचं राहिलेलं अजून वरच असतं, आणि खाली विजेच्या ताराही तुटलेल्या असू शकतात.

कोकणातल्या नि गोव्यातल्या मित्रांना नारळाबद्दल मी काय सांगणार! वाळकी झावळ सुटते तेव्हा आधी सूचना देत नाही. माझी आत्या गुहागरकडची. ती पाहुण्यांना अंगणात खुर्ची द्यायची तीही वर बघून. मला वाटायचं, आत्या देवाला नमस्कार करते आहे.

नागपंचमीला झोका बांधाल तेव्हाही हेच. शेवगा, पांगारा यांच्या फांद्या फसव्या. जांभळाची फांदी जाडजूड दिसते आणि कडकन मोडते. जांभळं काढताना हात-पाय मोडून घेतलेला एक तरी माणूस प्रत्येक गावात असतोच. चिंच चिवट. पण चिंचेचीसुद्धा वाळकी फांदी ती वाळकीच. घरातल्या मोठ्या माणसाने आधी दोराला लोंबकळून बघावं, मग तुम्ही बसा.

आता, पत्र लिहिणाऱ्या माझ्या मैत्रिणी, तुझ्या तंबूबद्दल. झाडाचा पसारा जिथे संपतो, त्याच्या बाहेर तंबू ठोक. सकाळी ज्या बाजूला सावली पडते ती बाजू निवडलीस तर ऊन वर आलं तरी तंबू काही वेळ गार राहील. झाडाखालून चालत जायला, दोन मिनिटं टेकायला हरकत नाही, पण झोपायला नाही. माणूस झोपेत आठ तास एकाच जागी असतो, आणि रात्री वर काही दिसतही नाही. उजेड असतानाच तंबूभोवती एक फेरी मार. जमिनीवर ताज्या मोडलेल्या फांद्या पडल्या असतील तर त्या कुठून आल्या ते वर बघ. एखादं झाड कललेलं असेल आणि त्याच्या मागच्या बाजूची माती फाटल्यासारखी दिसत असेल, तर तिथून दूर. ओढ्याला पाणी कुठवर चढतं ते मामाला विचार. आणि हो, मामाला हेही विचार की कुठल्या झाडाखाली गावातले लोक गुरं बांधत नाहीत. न विचारता कोणी सांगेल याची वाट बघू नकोस.

वारा जोरात सुटला, वर फांद्या एकमेकींवर घासून कुरकुरायला लागल्या, तर तंबूचा मोह सोडून सगळ्यांनी घरी जायचं. विजा चमकत असतील तर झाडाखाली आडोशाला मुळीच थांबायचं नाही.

आणि एवढं करूनही कोणाला लागलंच तर? आधी वर बघा, दुसरी फांदी यायच्या बेतात नाही ना. मग मोठ्या माणसाला हाक मारा आणि 108 ला फोन लावायला सांगा. मान किंवा पाठ दुखते म्हणाला तर त्याला ओढून उठवू नका, पाणी पाजायची घाई करू नका. रक्त येत असेल तर स्वच्छ फडक्याने दाबून धरा. डोक्याला मार लागलेला मुलगा हसत-बोलत असला तरी त्याला डॉक्टरांना दाखवायचंच. उलटी झाली, गुंगी यायला लागली तर एक क्षणही घालवायचा नाही. त्या दिवशी मला यातलं निम्मंसुद्धा माहीत नव्हतं. मी त्याला धरून 'काही नाही हं, काही नाही' म्हणत होते, आणि माझेच पाय कापत होते.

तो मुलगा आता कॉलेजात आहे. गेल्या दिवाळीत बाजारात भेटला. माझ्याहून उंच झालाय. रस्त्याच्या कडेला पिंपळाखाली आम्ही बोलत उभे होतो आणि बोलता बोलता दोघांनीही एकदमच वर बघितलं. मग जे हसलो! "बाई," तो म्हणाला, "बाटलीचे पैसे अजून यायचेत."

तुमच्याकडे आजी-आजोबा कुठल्या झाडाला 'कच्च्या लाकडाचं' म्हणतात ते विचारून ठेवा. पोस्टकार्डावर झाडाचं नाव आणि तुमच्या गावाचं नाव लिहून पाठवा. प्रत्येक भागात नावं निराळी असतात. पुढच्या आठवड्यात होकायंत्र नक्की. एक सुई, एक बूच आणि पाण्याची वाटी तयार ठेवा.

तुमच्या,
बाई